नारळासकट रजा

सोडावॉटरच्या बाटलीच्या गळ्यात एक काचेची गोळी असते.

हत्ती चिडण्याआधी कान हलवतो.

‘आनंदाने’ हा शब्द कामाच्या कागदावर कधीही लिहू नये.

माझ्या डाव्या कानात अजून शिट्टी वाजते.

सहा नारळ, शेंडीसकट.

या पाच वाक्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, असं त्या सोमवारपर्यंत मलाही वाटत होतं!

आता फुशारकी. फुशारकीशिवाय माझी एकही आपत्ती आजवर सुरू झालेली नाही. तर, कोल्हापुरात माणसं न सांभाळता कारखाना चालवणारा पहिला मालक मी! कारखाना म्हणजे मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या, सोड्याचं एक यंत्र आणि सहा माणसं. पण त्या सहा माणसांनी माझा जीव नकोसा केला होता. बाटल्या धुणाऱ्या तानाबाईनं मला लहानपणी कडेवर घेतलेलं. ती उशिरा आली आणि मी घड्याळाकडे बघितलं, की म्हणायची, “काय बगतूस रं? तुझं नाक पुसलंय म्या!” गाडीवाला कृष्णात महिन्यातून दोनदा एकाच चुलत्याच्या दहाव्याला जायचा. यंत्रावरचा केरबा तेवढा कधी काही मागत नसे. सतरा वर्षांत एक दिवस नाही.

त्यात नृसिंहराव भेटले. संस्थान विलीन होऊन दोन वर्षं झाली होती. दरबारातली त्यांची कारकुनी गेली, पण पगडीखालचं संस्थान जागच्या जागी होतं! त्यांनी घराच्या सोप्यावर पाटी लावली: ‘नोकर-व्यवस्था कचेरी. नेमणूक, हजेरी, रजा, ताकीद. मालकांस त्रास नाही.’

मालकांस त्रास नाही! मी पाटीखालीच सही केली.

“अंबादासपंत,” ते म्हणाले, “यापुढे तुम्ही माणसांत पडू नका. जे काही असेल ते चिठ्ठीवर लिहा. तोंडी हुकूम वाऱ्यावर जातो.”

घरी पद्मजा म्हणाली, “माणसं आपली, आणि त्यांच्याशी बोलायला भाड्याचा माणूस?”

“मुंबईच्या गिरण्यांत असंच असतं.”

“मुंबईच्या गिरण्यांत मालकाचं नाक पुसलेलं कुणी नसतं,” ती म्हणाली आणि पोळी उलटली.

महिनाभर स्वर्ग होता. मग सोमवार आला.

कागलच्या एका बड्या घरचं गुरुवारी लग्न होतं. चाळीस डझन बाटल्या माझ्याकडून जायच्या होत्या. वेळेवर गेल्या तर कागलपासून गडमुडशिंगीपर्यंतची सगळी लग्नं माझी. न गेल्या तर कारखान्याची पाटी उतरवून त्या फळीचा पाट करायचा. आणि त्या भरणार कोण? केरबा. जाळीच्या पिंजऱ्यात बाटली उलटी अडकवायची, चाक फिरवायचं, गॅस आत सोडायचा आणि गळ्यातली गोळी घट्ट बसेल त्या नेमक्या क्षणी थांबायचं. तो क्षण फक्त केरबाला ऐकू यायचा. “बाटली बोलती की, मालक. बास म्हणती.” मला ती आजवर एक अक्षर बोललेली नाही!

दुपारी केरबा टोपी हातात घेऊन टेबलापुढे उभा राहिला.

“मालक, दोन मिंटं. तुमच्याकडंच काम हाय.”

“माणसांचं जे काही असेल ते नृसिंहराव बघतात, केरबा.”

“तसलं काम न्हवं ह्ये. ह्ये...”

(इथे केरबाचं एक वाक्य यायला हवं होतं. मी ते ऐकलं नाही. म्हणून जागा सोडली आहे.)

“कचेरीत जा,” मी म्हणालो. त्यानं सदऱ्याच्या खिशात घातलेला हात रिकामाच बाहेर काढला आणि तो यंत्राकडे गेला.

मागून तानाबाई कडाडली, “आरं, त्येच्या पोरीचं लगीन हाय गुरवारी! गडमुडशिंगीला! उद्या समद्या बाटल्या भरतो म्हणतोय, मग दोन दिस सोड त्येला. आमीबी समदी जाणार!”

माझं मन भरून आलं. सतरा वर्षांत पहिली रजा! मी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली. ती शब्दशः देतो, कारण पुढे ती मला पुष्कळांनी शब्दशः ऐकवली:

‘रा. रा. नृसिंहराव यांस, केरबास रजा द्यावी. जाताना हाती एक नारळ द्यावा. बाकीच्या पाचांसही हीच वागणूक द्यावी. हे सर्व आपण आनंदाने करीत आहोत असे त्यांस कळवावे.’

लग्नाचं लिहिलं का? लग्न सगळ्या पेठेला माहीत होतं! तारीख घातली का? गुरुवार काय पळून जातो? चिठ्ठी पाठवली आणि संध्याकाळी पद्मजेला ऐटीत म्हणालो, “बघ, यंत्रणा असली की मन मोठं करायला वेळ मिळतो!”

मंगळवारी नऊला कारखान्यात आलो, तर ओसाड वारुळासारखी शांतता. बाटल्या रांगेत उभ्या. यंत्र उभं. मीही उभा.

दारात कृष्णात घोंगडं खांद्यावर टाकत होता. काखेत नारळ.

“कृष्णात, बाकीचे कुठायत?”

“गेली की.”

“आजच? लग्न गुरुवारी आहे ना?”

“लगीन गुरवारी हाय. नारळ आज मिळाला.” त्यानं तो माझ्यापुढे धरून हलवला. “बरं केलासा, मालक. सतरा वर्सं राबलेल्याला नारळ! आन वर ‘आनंदानं’! तानामावशी लई रडली. म्हणाली, आता त्येचं नाक त्येनंच पुसावं.”

नारळ!  मी अनवाणी धावत सुटलो. चपला कारखान्यातच राहिल्या होत्या आणि त्या तिथे राहिल्या हे मला कचेरीच्या सोप्याच्या तिसऱ्या पायरीवर कळलं.

नृसिंहराव हजेरीपटावर तांबड्या शाईनं सहावी रेघ मारत होते.

“या, अंबादासपंत! हुकमाची तामिली झाली. पहाटे साडेसहाला, दारातच. एकानंही हुज्जत घातली नाही.”

“अहो, पण मी रजा द्या म्हटलं होतं!”

“दिली की!”

“रजा म्हणजे सुट्टी! दोन दिवस!”

त्यांनी चष्मा काढला. “दरबारात चाकराला रजा दिली म्हणजे दिली. तो पुन्हा दिसत नसे. तरीही मला क्षणभर शंका आली. म्हटलं, मालक मऊ माणूस आहे, सुट्टी म्हणत असेल.”

“मग?”

“मग पुढचं वाक्य वाचलं. ‘हाती एक नारळ द्यावा.’ अंबादासपंत, तीस वर्षं कारकुनी केली मी. इतका स्वच्छ हुकूम माझ्या हाती आला नव्हता!”



“रद्द करा,” मी म्हणालो. “सगळ्यांना परत घ्या.”

“घेऊ या ना. नवी नेमणूक. अर्ज, दोन जामीन, डॉक्टरचा दाखला. पंधरा दिवस.”

“परवा चाळीस डझन बाटल्या जायच्यात!”

“त्याची तजवीज आधीच केली आहे,” ते अभिमानानं म्हणाले. “यंत्रावर अनुभवी माणूस पाठवतो. मोठी धुडं सांभाळायची सवय आहे त्याला.”

माणूस आला. हत्तीखान्यातला माहूत होता!

बुधवार. मी आणि माहूत. माहुतानं यंत्राला प्रदक्षिणा घातली, त्याच्या चाकाला थोपटलं, पुटपुटत कसलीशी आज्ञा दिली आणि दांडा फिरवला. पहिली बाटली धडाम्! दुसरी धडाम्! तिसरीच्या वेळी मी कान लावून ऐकत होतो, ती ‘बास’ म्हणते का ते. ती ‘बास’ म्हणाली नाही. ती जे म्हणाली ते अजून डाव्या कानात चालू आहे.

माहूत पिंपामागून ओरडला, “हत्ती आदी कान हलिवतो, मालक! ह्ये काय बी हलवत न्हाय!”

सूर्य मावळेपर्यंत एकवीस बाटल्या फुटल्या आणि नऊ भरल्या. त्यांतल्या चार नुसत्याच पाण्याच्या होत्या. माहूत म्हणाला की त्याला हत्तीची आठवण येते, आणि तो गेला. मला केरबाची आठवण येत होती, पण मला जायला जागा नव्हती.

पद्मजा फडकं घेऊन माझ्या केसांतल्या काचा वेचत होती. वेचलेली प्रत्येक काच वाटीत टण्णकन टाकत होती. 

गुरुवारी सायकल काढली आणि गडमुडशिंगी गाठली. मांडवात अक्षता पडून गेल्या होत्या. पंगत बसत होती आणि कोपऱ्यात सोड्याच्या बाटल्यांचे खोके रचलेले. प्रत्येकावर बाळासोच्या फॅक्टरीचा शिक्का! स्टेशनाजवळचा बाळासो, माझा दहा वर्षांचा वैरी. मंगळवारी दुपारीच त्यानं सहाही जणांना कामावर घेतलं होतं. कागलची ऑर्डरही त्यानंच पटकावली. केरबानं बुधवारी संध्याकाळपर्यंत चाळीस डझन भरून दिल्या आणि मग तो हळदीला गेला.

केरबा दिसला. नवा फेटा, कपाळाला गुलाल. मी त्याला बाजूला घेतलं.

“केरबा, चूक झाली. रजा म्हणजे सुट्टी लिहायची होती मला.”

“मग सुट्टी लिवायचं.”

“आणि नारळ लग्नाचा होता रे! पोरीच्या लग्नाचा!”

त्यानं फेट्याचं टोक मागे टाकलं. वाजंत्री मध्येच थांबली होती, नाहीतर पुढचं मला ऐकू आलं नसतं.

“लग्नाचा हुता, तर हातानं द्यायचा हुता की, मालक.”

 मी, बोलायला काही तरी हवं म्हणून, विचारलं, “तो... नारळ काय केलास?”

“सकाळी देवाम्होरं फोडला.”

“मग?”

“नासका निघाला.”

“परत ये, केरबा. यंत्र तुझंच आहे.”

“बाळासोला शबुद दिलाय. त्यो सोता आलता घरला बोलवाय.” तेवढ्यात पंगतीतून कुणी तरी हाक मारली. केरबानं माझा दंड धरला, मला एका पानावर नेऊन बसवलं, वाढप्याला खूण केली आणि अगदी आदरानं म्हणाला, “बसा, पावणं. जेवल्याबिगर जाऊ नका.”

मालक नाही. पावणं! वाटेवरच्या कुठल्याही अनोळखी माणसाला म्हणतात तसं.

मी जेवलो. लाडू चांगला होता. सोडा तर फारच चांगला होता.

पानाशेजारी एक पत्रिका पडली होती, सोमवारी केरबाच्या खिशातच राहिलेली असावी तशीच. केरबाच्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिका आदल्या शुक्रवारीच छापून आल्या होत्या आणि त्यांत निमंत्रक म्हणून खाली एकच नाव होतं, माझं.