वर्गणीचं वेष्टन

योग्य वस्तू योग्य जागी न पोचण्याचं मुख्य कारण म्हणजे वाटेत भेटणारी चांगली माणसं.

शरीरातही तेच. खोपोलीच्या डॉक्टरांनी १९८८ साली एका परदेशी मासिकात वाचलं, की कॅन्सरचं औषध आता चरबीच्या सूक्ष्म पुडीतून पाठवतात (सध्या उंदरांना). परंतु यकृत आणि प्लीहा ही दोन आतिथ्यशील खाती नवखी पुडी दिसली की गिळून टाकतात. म्हणून तिच्यावर बुळबुळीत वेष्टन चढवायचं. मग तिला कोणी धरत नाही. ती रक्तात पुष्कळ वेळ हिंडते आणि गाठीतल्या गळक्या रक्तवाहिन्यांतून आत झिरपते.

आमच्या गावचं यकृत : धर्माजी.

त्याच्या बायकोच्या, पुतळाबाईच्या, छातीत गाठ होती. खोपोलीच्या दवाखान्यात येऊन दाखव, एवढाच डॉक्टरांचा निरोप नर्स सोनाबाईंना तिच्यापर्यंत पोचवायचा होता. धर्माजी ओट्यावर बसे. अत्यंत सज्जन गृहस्थ. नर्सला चहा, पोहे, पपईच्या फोडी देई, बायकांचं काहीतरी असतं, जाईल आपोआप, असं सांगे आणि वेशीपर्यंत सोडायला येई. निरोप पोचण्याचं प्रमाण : शून्य टक्के. चहा पोचण्याचं : शंभर.

प्रश्न. गावभर हिंडूनही ज्याला कोणी धरत नाही, असा पदार्थ कोणता?

उत्तर. शाळेच्या मुतारीची वर्गणी.

सोनाबाईंनी मास्तरांचं पावतीबुक मागून घेतलं आणि ते सगळ्यांना दिसेल असं धरून भर दुपारी गावात शिरल्या. परिणाम तात्काळ. ओटे ओस पडले. सरपंच गोठ्यात गेले (त्यांच्याकडे गुरं नाहीत). धर्माजीने प्रथेप्रमाणे बायकोला दाराशी पाठवलं आणि स्वतः परसातून निघाला तो थेट ओढ्यापलीकडे.

"कोण नाय घरात," पुतळाबाई म्हणाली.

"तू हायस ना गं," सोनाबाई म्हणाल्या, आणि आत झिरपल्या.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाई खोपोलीला गेली. गाठ लहान होती, तोवरच मुंबईला काढली. धर्माजी हल्ली सांगतो, मीच पाठवली तिला. (खरं आहे. दारापर्यंत.)

मुतारी अजून व्हायची आहे.

शास्त्रीय टीप. वेष्टन कोणतंही चालतं. आतल्या मालाचा संशय येता कामा नये. तुम्ही, उदाहरणार्थ, हे विनोदी म्हणून इथवर आत घेतलंत.

आता आम्हाला चहा विचारू नका. तुमच्या घरात कोण 'काय नाय' म्हणतंय, ते सांगा.