गोदामावशीचे भाचे

गोदामावशीला सख्खे भाचे किती, हे ठाण्यात कोणालाच नीट सांगता आलं नसतं. एक कोलशेतचा कोळी होता, एक घाटावरून उतरलेला धनगर, आणि एक तर कल्याणचा हुसेन. "अगं मावशी, हा मुसलमान!" आमच्या कारखान्याचे शेठ ओरडले, तर ही म्हणते, "मग काय झालं? नाक बघा की. रक्त लपतं होय?"

मावशीचा खरा धंदा फुटाण्यांचा. टोपली घेऊन ती कारखान्याच्या दारात बसे. आम्ही घोडागाड्यांची चाकं आणि धक्के झेलणाऱ्या लोखंडी कमानी बनवत असू. मी तिथला कारकून. मुंबईची मागणी वाढली, तशी शेठनी खाडीच्या अंगाला नवी छपरी बांधली आणि माणसं भरायला काढली. अट एकच. लोखंड चोरीला जातं, म्हणून गावातलं नात्याचं माणूस जामीन राहील त्यालाच काम. आता परगावाहून पोटासाठी आलेल्यांनी नातं आणायचं कुठून? बिचारे तोंड पाडून परत फिरत, आणि नेमके मावशीच्या टोपलीसमोरून जात.

ती मूठभर फुटाणे हातावर घाली, नाव विचारी आणि दंडाला धरून त्याला आत आणी. "शेठ, हा माझा भाचा." नाव कधी कधी वाटेतच विसरलेली असे. मला हसू येई, आणि रागही. जामीन म्हणून एकच नाव लिहून लिहून माझा हात दुखला होता. शेठ मात्र कानाडोळा करत, कारण कुणी कामात कुचराई केली की मावशी भर कारखान्यात त्याचा कान पिळी.

शेवटची एक जागा उरली त्या दिवशी ती चक्क पिकल्या मिशांचा बाप्या घेऊन आली. त्याची बायकोपोरं बाहेर वडाखाली बसली होती.

"हा तुझ्याहून थोरला दिसतो!" शेठ भडकले.

"आमच्यात केस लवकर पिकतात."

"पुरे झालं. बहिणीची शपथ घेऊन सांग, हा तिचाच मुलगा."

मावशीनं त्याचा दंड सोडला.

"शपथ नाही घ्यायची मी," ती म्हणाली. "माझी बहीण पटकीत गेली, शेठ. परकर नेसायची तेव्हा. बाहुल्या मांडून म्हणायची, ताई, मला घरभर मुलगे होणार, त्यांना खाऊ तू द्यायचास."

शेठ कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. मग त्या मिशाळाला त्यांनी दरडावून विचारलं, "आईचं नाव काय रे तुझ्या?"

तो गांगरला. त्यानं मावशीकडे पाहिलं.

"चिमा," ती हळूच म्हणाली.

"चिमा," तो म्हणाला.

"लिहून घ्या हो," शेठ माझ्याकडे न बघताच म्हणाले. "रक्त लपतं होय?"