सव्वाशेचे पाचशे

मुलीच्या साखरपुड्यासाठी शिवलेला कोट लोटन पाटील आरशासमोर घालून बघत होता, तेवढ्यात पोस्टमनने इन्कमटॅक्सचा लखोटा आणून दिला. लोटनने उभ्याउभ्याच तो फोडला, छापील फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला आणि कोटासकट खाटेवर बसला.

"काय व्हयनं? कोनी गयं का?" त्याची बायको कौसाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"सरकार इचारी ऱ्हायनं, वरीसभर किती कमाई व्हयनी म्हनी."

"मंग सांगी द्या ना. तुम्हले काय चोरी शे?"

चोरी नव्हती, हीच पंचाईत होती. लोटन शिवणाच्या मशिनींचा एजंट. कंपनीचा पगार महिना सत्तर रुपये. गेल्या वर्षी त्याने नवापूरपासून धडगावपर्यंत बैलगाडीतून मशिनी नेल्या होत्या. चढावर गाडी अडली की स्वतः खाली उतरून चाकाला खांदाही लावला होता. साऱ्या खानदेशात त्याचा खप सर्वांत जास्त झाला म्हणून कंपनीने सव्वाशे रुपये इनाम पाठवले. सगळे मिळून नऊशे पासष्ट होत होते. तेहेतीस साली हजाराच्या आत असलेल्याला कर नव्हता. इथपर्यंत सारे सरळ होते.

घोटाळा झाला तो निर्मलाच्या लग्नाच्या बोलणीत. मुलाचे वडील, तापीपलीकडचे धुडकू पाटील, आले होते. त्यांनी मिशीला पीळ देत सांगितले, "गावना जिनमां मन्ही चार आना पाती शे." कापसाच्या कारखान्यात चौथाई भागीदारी! बैठकीतले सगळे "वा वा" म्हणाले. आता मुलीच्या बापाने काहीतरी बोलायला हवे होते. लोटनच्या तोंडून निघून गेले, "आम्हले बी यंदा कंपनीनी पाचशे रुपया इनाम दिन्हा." पुन्हा "वा वा" झाले. त्याच संध्याकाळी, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून, लोटनने सव्वाशेचा आकडा असलेले कंपनीचे पत्र चुलीत घातले.

कौसाबाईला सगळे ठाऊक होते. ती म्हणाली, "कागदवर खरं लिखा. बोलन्यावर थोडाच टॅक्स लागस?"

शेजारचे कापडवाले उमेदमल शेठ दरवर्षी फॉर्म भरत. लोटनने त्यांनाही विचारले. शेठ गंभीरपणे म्हणाले, "पाटील, सरकारपुढे खोटं नाय चालत. जेवढं मिळालं तेवढं लिवा." लोटनने 'पगाराखेरीज मिळालेले कमिशन, इनाम वगैरे' या रकान्यात सव्वाशे लिहिले, सही केली, आणि त्या रात्री तो नीट झोपला.

तिसऱ्या दिवशी बोलावणे आले. इन्कमटॅक्सच्या साहेबांचा मुक्काम डाक बंगल्यावर होता. साहेब हडकुळे, शांत आणि हळू बोलणारे होते. ते ओरडले असते तरी लोटनला बरे वाटले असते.

"सव्वाशे लिहिलंत?"

"हो, साहेब."

"आमचे कारकून काल धोतरजोडी घ्यायला उमेदमल शेठच्या दुकानात गेले होते. शेठ कौतुकानं म्हणाले, आमच्या शेजाऱ्याला पाचशे इनाम मिळालं. पानवाला तर सातशे म्हणतो. मी पाचशेच धरलेत."

लोटन घाईने म्हणाला, "साहेब, ते... ते मी नुसतं बोललो होतो."

"कंपनीचं पत्र दाखवा."

"ते जळलं."

"आपोआप?"

"नाही साहेब. मीच जाळलं."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मुंबईहून कंपनीचे उत्तर यायला पंधरा दिवस लागणार होते, आणि साहेबांचा मुक्काम उद्यापर्यंतच होता. पाचशे धरले तर उत्पन्न हजारापार जात होते. मग कर, वर लपवल्याचा दंड, वर कंपनीला पत्र. "आमचा एजंट सरकारला फसवतो" असे कंपनीला वाटले की नोकरीही गेलीच.

"साहेब, मी कर भरतो. पाचशेचा भरतो."

"म्हणजे सही खोटी होती?"

"नाही साहेब, सही खरी आहे. पाचशे खोटे आहेत."

साहेबांनी फॉर्म पुन्हा जवळ ओढला. मग म्हणाले, "हे पाचशे पहिल्यांदा कुणाला सांगितलेत?"

"होणाऱ्या व्याह्यांना."

"उद्या त्यांना इथं आणा. त्यांच्या तोंडावर सांगा, की मी खोटं बोललो. मी लगेच मानीन. थोडा कर वाचावा म्हणून कुणी व्याह्यापुढे थापाड्या ठरत नाही."

घरी आल्यावर लोटनने कोट काढून खुंटीला टांगला. "पोरनं लगीन मोडनं," एवढेच बोलला. निर्मला आत भांडी घासत होती, ती घासायची थांबली. कौसाबाई सरळ म्हणाली, "मोडनं तं मोडनं. खोटंवर उभं ऱ्हायेल लगीन सासरमां जाईसन मोडस, ते परवडत नही. चिठ्ठी लिखा."

लोटनने चिठ्ठी लिहायला घेतली. कारण काय लिहावे ते त्याला सुचेना. शेवटी त्याने एकच ओळ लिहिली: 'उद्या सकाळी नंदुरबारला डाक बंगल्यावर या. इन्कमटॅक्सच्या साहेबांनी बोलावले आहे.' तापीपलीकडे निघालेल्या गाडीवानाच्या हाती चिठ्ठी गेली.

सकाळी धुडकू पाटील बंगल्याच्या पायरीशी हजर होते. डोळे सुजलेले, मिशा उतरलेल्या. लोटनच्या रामरामाला त्यांनी उत्तरही दिले नाही. दोघे आत गेले. लोटनने घसा खाकरला, पण त्याच्या आधीच धुडकू पाटलांनी साहेबांपुढे हात जोडले.

"साहेब, जिनमां मन्ही पाती नही! चार आना नही, एक पै बी नही. मी तठे तोलदार शे, कापूस मोजस. बैठकमां बोली गयू. टॅक्स नका लावू, साहेब!"

खोलीत पंख्याची दोरी ओढणाराही थांबला. लोटन आ वासून व्याह्यांकडे बघत होता. त्याची छाती आपोआप पुढे आली. आता आपण गप्प बसलो तर या लग्नात आयुष्यभर आपलीच मान वर राहील, असा विचार त्याच्या मनात चमकून गेला.

साहेबांनी तो विचार ओळखला असावा. "लोटन पाटील," ते हळूच म्हणाले, "तुमचं काय ठरलं?"

लोटनची छाती पुन्हा जागेवर गेली. "व्याही," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी बी खोटं बोलनू. पाचशे नही. सव्वाशेच शेतस."

धुडकू पाटलांना हे समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी साहेबांकडे बघितले, लोटनकडे बघितले, आणि बाकावर टेकत मोठा श्वास सोडला. "म्हंजे मले टॅक्ससाठे बलायं नव्हतं?"

"नाही," साहेब म्हणाले. त्यांनी सव्वाशेच्या आकड्यावर बरोबरची खूण केली आणि फॉर्म कारकुनाकडे सरकवला. मग खिडकीकडे तोंड करून त्यांनी रुमाल तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते.

दोघे व्याही बाजाराच्या रस्त्याने चालू लागले. बरेच अंतर गेल्यावर धुडकू पाटील म्हणाले, "व्याही, साखरपुडा परवाच ना?"

"तुम्ही म्हनशात तं परवाच."

"पोऱ्या मन्हा खरा शे बरं का. मॅट्रिक पास शे."

"पोर बी मन्ही खरी शे."

एवढ्यात दुकानाच्या पायरीवरून उमेदमल शेठ धावत खाली आले. मागे पानवाला, आणखी चारजण. "काय झालं पाटील? दोघांनाबी बोलावलं सायबानं?"

लोटनने धुडकू पाटलांकडे पाहिले. धुडकू पाटलांचा हात सावकाश मिशीकडे गेला.

"काही नही शेठ," ते म्हणाले, "साहेबनी दोन्हीस्ले खुर्च्या दिन्ह्यात."

"चहा बी पाजी दिन्हा," लोटन म्हणाला.