बोटीवर जेवायचा कोट

डोमाजी बेलीफ कोणाच्याही घरी गेले तरी आधी मागच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. पुढचं दार सताड उघडं असो, ओट्यावर घरधनी स्वतः खुर्ची टाकून बसलेला असो, हे आपले भिंतीच्या कडेकडेनं मागं जाणार, परसदार न्याहाळणार आणि मग पुढं येऊन "आहेत का घरी?" म्हणून विचारणार. यवतमाळात आम्ही त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं त्या पहिल्याच सकाळी मी मागं भांडी घासत बसले होते, तर कुडाच्या फटीतून दोन डोळे माझ्याकडे रोखून पाहताहेत! मी अशी किंचाळले की आमचे हे अर्धी दाढी केलेली तशीच ठेवून धावत आले.

"भिऊ नका बाई," डोळे म्हणाले. "नवीन बिऱ्हाड आलं म्हणून भेटाले आलो."

"मग पुढून या की!"

"पुढून गेलो का माणूस मागून पळते."

उभा जन्म त्यांनी कोर्टात बेलिफी केली होती. समन्स बजावायचं, जप्ती करायची, घराचा ताबा घ्यायचा. ज्या दारावर थाप मारली त्या दारामागचा माणूस हमखास गावाला गेलेला असायचा आणि त्याचा खोकला माळ्यावरून ऐकू यायचा. असं आयुष्य गेल्यावर माणसाचा कोणावर विश्वास राहील? बोलताना ते आधी समोरच्याच्या पायांकडे पाहायचे. म्हणायचे, "माणूस तोंड लपवते, पाय लपवाले विसरते." आणि आपण कितीही खरं सांगितलं तरी शेवटी मान हलवून, "मले पटून नाही राह्यलं."

नेरला जायचं तर एस.टी.च्या पाटीवर भरवसा नाही. कंडक्टरला विचारणार, मग ड्रायव्हरला बाजूला घेऊन विचारणार, मग आत बसलेल्या एखाद्या म्हातारीला, "माय, तू कुठं चालली?" एकदा म्हातारी म्हणाली, कळंबला. हे तडक उतरले. गाडी नेरला गेली. म्हातारीच चुकीच्या गाडीत बसली होती. पण डोमाजींचं म्हणणं, त्या तिघांचं काहीतरी आतून ठरलेलं होतं.

घरात ते, त्यांची सून शांता आणि दोन नातवंडं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. छप्पन साली नागपूरला जाऊन ते बौद्ध झाले; त्यानंतर नातू झाला म्हणून त्याचं नाव गौतम, धाकटी यशोधरा. मुलगा रामदास आफ्रिकेत मोंबाशाला बंदरावर फिटर होता. यशू पोटात असतानाच तो गेला, तेव्हा त्या पोरीनं बापाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. शेवटी एकदाची त्याला तिकडं खोली मिळाली आणि त्यानं बायकोमुलांची बोटीची तिकिटं काढली. शांता तर हवेत चालायला लागली. पाणी भरतानासुद्धा गुणगुणायची.

आणि डोमाजींना संशय यायला लागला.

समुद्र त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. पण बोट बुडेल, वादळ येईल, असली साधी भीती त्यांना शिवली नाही. एका दुपारी मागच्या दारावरून रीतसर पुढं येऊन ते माझ्या ओट्यावर बसले. माझ्याकडे शिलाई मशीन होतं, आळीचे कपडे मी शिवायची. म्हणाले, "बाई, बोटीत लेकरं काय घालून जेवतात?"

"कपडे घालून," मी म्हटलं. उन्हानं माझं डोकं आधीच उठलं होतं.

"तसं नाही. इतके दिवस पाण्यावर राहाचं, रोज चार लोकाइत जेवाचं. तिथं काही कायदा असन."

नेमक्या तेव्हा कापसाच्या जिनवाल्यांच्या घरच्या जमनाबेन पोलकी शिवायला टाकायला आल्या होत्या. त्यांचे दीर मोंबाशाला दुकानदार, त्या मुलांना घेऊन बोटीनं जाऊन आलेल्या. त्यांनी हौसेनं सांगितलं, "जेवायला बच्चा लोक एकदम साफ पाहिजे, बाबा. बूट-मोजा पायात. लडका असेल तर शर्टचं बटन बंद, लडकी असेल तर फ्रॉक. बनियन घालून, नंगे पाव, अंदर जाऊ देत नाही."

डोमाजी मान डोलवत होते. एवढ्यावर सुटका झाली असती, पण जमनाबेनना बोलायची भारी हौस. "आणि बच्चा लोकांचं खाना पहले होते, शामको. अलग. मोठ्यांचं नंतर."

डोमाजींची मान थांबली.

"अलग? अलग कायले?"

"रिवाज आहे, बाबा."

"कोण्या लेकराइचं अलग?"

"बच्चा लोकांचं," जमनाबेन म्हणाल्या आणि गळ्याच्या मापाकडे वळल्या. डोमाजी उठले आणि चक्क पुढच्या बाजूनं निघून गेले. मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते जाडजूड काळं कापड घेऊन हजर. गौतमला कोट! ऐन वैशाखात! आळीतली कुत्री गटारात लोळत होती आणि हे सहा वर्षांच्या पोराला अस्तराचा कोट शिवा म्हणताहेत. "पटून नाही राह्यलं मले ते नुसतं शर्ट-बटन," म्हणाले. "वकिलासारखा पाह्यजे. पाहणाऱ्याची जीभ उचलली नाही पाह्यजे." यशूला झालरीचा फ्रॉक, वर झालरीला झालर. मी कापड बेतत असताना ते समोर बसून कात्रीवर नजर ठेवायचे. चिंध्या उरल्या त्यासुद्धा रुमालात बांधून घेऊन गेले. अहो, बोटभर चिंधीचं मी काय करणार होते, राजवाडा बांधणार होते?

आळीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे म्हाताऱ्याला आफ्रिकेच्या पैशाचा माज चढला. कोणी म्हणे डोकं फिरलं. मलाही राहवेना. एका संध्याकाळी त्यांच्या अंगणातून विचित्र ओरडा ऐकू आला तेव्हा मीच कुडाच्या फटीला डोळा लावला.

अंगणात कोर्टातून मोडीत काढलेलं एक टेबल मांडलेलं. दोन बाजूला दोन पोरं. गौतम काळ्या कोटात, गळ्यापर्यंत बटनं, घामानं निथळतोय. यशूच्या पायात एवढाले बूट. पुढं वरणभाताची ताटं. आणि डोमाजी काठी घेऊन गौतमच्या मागं उभे.

"ए पोट्ट्या! ऊठ! तिकडं जाऊन बस!" डोमाजी खेकसले आणि काठीनं खुर्ची ढोसली.

"आमचं तिकीट आहे," गौतम बारीक आवाजात म्हणाला. "आम्ही इथंच बसू."

"अजून जोरानं! ताबा सोडाचा नाही. मले पटून नाही राह्यलं. पुन्हा! ऊठ म्हणतो ना!"

"आमचं तिकीट आहे!" पोरगं ओरडलं. यशूनं भोकाड पसरलं.

हा काय जेवणाचा प्रकार झाला? मला वाटलं, म्हाताऱ्याला खरंच वेड लागलं. त्यातून हे रोजचंच झालं. यशूच्या टाचांना फोड आले, गौतमच्या गळ्यावर घामोळं उठलं. आणि एक दिवस शांता डोळ्याला पदर लावून माझ्या दारात आली.

"वयनी, मामाजी तिकिटं वापस करा म्हणतात. लेकरं पाठवत नाही म्हणतात."

"काहून?"

"म्हणतात, पोट्टा घाबरते, त्याले ताबा धरता येत नाही. अन् जिथं लेकराइले वेगळं बसवतात तिथं माहे लेकरं जेवणार नाहीत. वयनी, यशूनं बाप पाह्यला नाही अजून!"

माझं डोकंच सटकलं. पायात चप्पल न घालता मी तरातरा त्यांच्या अंगणात गेले. म्हटलं, "बेलीफसाहेब, लाज नाही वाटत? आयुष्यभर लोकांची घरं मोकळी केली, आता पोटच्या पोराचा संसार मोडता?"

वाटलं, उसळतील. पण ते टेबलाच्या कडेला हात ठेवून उभे राहिले.

"बाई, मी याच्या एवढा होतो. नेरकडल्या आमच्या खेड्यात पाटलाकडे लगन होतं. आमच्या लोकाइले मांडवाबाहेर बसवत, गोठ्याच्या अंगाले. पण मायनं कुठून तरी नवा सदरा आणलता. पांढरा फटक. मले वाटलं, आज आपला सदरा चांगला आहे, आज आत बसाले काही हरकत नाही. जाऊन बसलो पंगतीत. पत्रावळ आली. भात आला. पह्यला घास हातात घेतला अन् मागून काठीनं ढोसलं. ऊठ म्हणे."

मग म्हणाले, "हातानं नाही उठवलं. हात लावत नव्हते न. बाहेर वरून टाकलं मग जेवण. लई वर्षं मले वाटे, सदऱ्यातच काही कमी असन."

ज्या आळीनं माज म्हटलं, वेड म्हटलं, त्या आळीतली मीही एक. रडू आलं आणि रागही आला. कोणाचा ते सांगायला नको.

मी तशीच जमनाबेनकडे गेले आणि त्यांना हाताला धरून घेऊन आले. डोमाजी ओट्यावर बसले होते. शांता दारात, पोरं तिच्या मागं. डोमाजींनी जमनाबेनच्या पायांकडे पाहिलं आणि कोर्टात करतात तशी उलटतपासणी सुरू केली.

"तुमची लेकरं कुठं बसत?"

"तिथंच, बाबा. सब बच्चा लोकांसंगं."

"अन् साहेबाइची?"

"गोऱ्या साहेबाचे दोन बच्चे होते. माझ्या कांतीच्या बाजूलाच बसत. एकमेकाला वटाणे मारत बसत, बदमाश!"

"गोरं पोट्टं बी त्या वेगळ्या जेवणाले?"

"हो तर! बच्चा म्हणजे बच्चा. मोठ्यांचं उशिरा होते, बच्चा लोक झोपून जातात, म्हणून पहले. दुसरं काहीच नाही."

डोमाजी ओट्याच्या कडेला सरकले. मग, "वाढणारा कसा वाढते?"

"प्लेटमध्ये."

"वरून?"

जमनाबेनना कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कसंबसं म्हटलं, "वाकून वाढतो का, ते विचारताहेत."

"वाकूनच वाढते, बाबा. आणखी पाहिजे का म्हणून विचारते. नाही म्हटलं तरी वाढते."

"मधातून कोणी उठवत नाही?"

"उठवणार? अरे, आम्ही माया लोक बाजूला उभ्या राहून बसा बसा म्हणून ओरडत असू. पूर्ण खाल्ल्याशिवाय उठू नका म्हणून!"

"माया?" डोमाजींनी मान वर केली. पहिल्यांदाच ते पायांकडे नाही, तोंडाकडे पाहत होते. "लेकरू जेवते तवा माय जवळ उभी राहते? राहू देतात तिले?"

"का नाही देणार? माझा हात कांतीच्या पाठीवरच असायचा."

डोमाजींनी टोपी काढली आणि तोंडावर धरली. खांदे हलत होते. यशू शांताच्या मागून पुढं आली, "आबाजी, आबाजी" म्हणत त्यांच्या धोतराला झोंबली.

"माही माय लांब उभी होती, बाई," टोपीआडून ते म्हणाले. "बाभळीखाली. मले उठवलं ते तिनं पाह्यलं. तिले जवळ येऊ देलं नाही."

मग त्यांनी तोंड पुसलं, यशूला मांडीवर घेतलं, तिच्या पायातले बूट काढून बाजूला ठेवले आणि तिच्या फोडांवर फुंकर घालत सुनेला म्हणाले, "शांता, जाय तू. फक्त जेवताना लेकराइच्या पाठीवर हात ठेवजो."