गार इंजिनाचं गूढ

मला नुसतं पाहून गुन्हेगार कबुली देतात, असं मी स्वतः कधीच म्हणत नाही. दुसऱ्या कोणीतरी म्हणावं म्हणून थांबलोय. माझी नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं. कानांबद्दल मामीचं मत वेगळं आहे, पण ते मी कधी नीट ऐकलेलं नाही.

शनिवारी सकाळी मामांचा फोन आला. "लगेच ये. गाडी तापत नाही."

"मग चांगलंच आहे की!"

"अरे शहाण्या, अजिबातच तापत नाही!"

गाडी पन्नास वर्षांची, मामीच्या वडिलांची. तासभर चालवली तरी तापमानाचा काटा तळालाच, इंजिन खोकतंय आणि मागून धूर. वैतागून मामांनी ती विकायला काढली होती. चार वाजता व्यापारी येणार होता. मामी सकाळपासून स्वयंपाकघरात भांडी आपटत होती.

गॅरेजातल्या टेबलावर तीन नवे थर्मोस्टॅट मांडलेले होते: चौऱ्याहत्तर, ब्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी अंशांचे. इंजिन तेवढं तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, मग वाट मोकळी करायची, एवढंच या झडपेचं काम.

"यातला कुठला बसवू?" मामांनी विचारलं. "आधी जुना काढून बघू का?"

"खबरदार! पुराव्याला हात लावायचा नाही."

मी भिंग काढलं. पहिला संशय काट्यावर: तो खोटं बोलत असणार. मी हात इंजिनावर ठेवला. इंजिन खरंच कोमट होतं. काटा निर्दोष सुटला. दुसरा संशय मिस्त्रीवर. त्याला फोन लावून दरडावलं, "झडप बदललीस ना?"

"साहेब, ती गाडी मी शेवटची पाहिली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. आता नात शाळेत जाते."

"फारच जुना कट," मी वहीत लिहिलं. उरला व्यापारी. गाडी स्वस्तात मिळावी म्हणून त्याने गुपचूप कमी अंशांची झडप बसवली असणार! मामांनी मान डोलावली. त्यांना कोणीतरी दोषी हवाच होता.

तेवढ्यात मामी पाना घेऊन आली. आम्हाला बाजूला सारून तिने दोन बोल्ट सोडवले, झाकण उचललं.

"इथे झडपच नाहीये."

"चोरी!" मी ओरडलो.

"चोरी कसली? अहो, पाच वर्षांपूर्वी गाडी तापली म्हणून तुम्हीच काढलीत. तुटला होता पंख्याचा पट्टा, आणि शिक्षा दिलीत झडपेला."

मामा छताकडे बघू लागले. मामीने शिवणाच्या डब्यातून जुनी झडप आणली. कडेला आकडा कोरलेला होता: ब्याऐंशी. गॅसवर पातेल्यात पाणी, पाण्यात झडप आणि तापमापक. बरोबर ब्याऐंशीला झडप उघडली. "बाबांना सगळं ठाऊक होतं," ती हळूच म्हणाली आणि तिने डोळे पुसले. वाफेमुळे, असा माझा निष्कर्ष.

चारला व्यापारी आला तेव्हा मामी तीच झडप बसवून, चक्कर मारून परतत होती. काटा मध्यावर, इंजिन शांत.

"गाडी विकायची आहे ना?"

मामीने काच खाली केली. "गाडी नाही. हे दोघं आहेत, हवे असतील तर. उगाच तापतात, बाकी काही काम करत नाहीत."

व्यापाऱ्याने आम्हा दोघांना नखशिखान्त न्याहाळलं आणि भावही न विचारता निघून गेला.