साठ फूट सहा इंच

राऊतांनी आजवर मला एकही वस्तू हातात दिलेली नाही. किल्ली असो, लिंबू असो, नाहीतर चुकून त्यांच्याकडे गेलेलं आमचं टपाल असो, ते फेकतात. "वहिनी, घ्या," एवढं ऐकू येतं आणि दुसऱ्या क्षणाला ती वस्तू आपल्या बरोबर छातीसमोर, तळहात आपोआप जुळतील अशा उंचीवर येऊन पोहोचलेली असते. आपण काही करायचं नसतं, फक्त पळायचं नसतं. एकदा त्यांनी जिन्याच्या खालच्या वळणावरून पिशवीभर गरम खुबूस वर फेकले होते. रोट्या शाबूत होत्या, माझाच जीव अर्धा झाला होता.

सत्त्याण्णव साली आम्ही नाशिकहून दोह्याला आलो, तेव्हा फरीज बिन ओमरानमधल्या त्या इमारतीत राऊत आधीपासून राहत होते. आमच्याच मजल्यावर, कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, एकटे. पहिल्याच संध्याकाळी दार उघडलं तर हा उंच, काटकुळा गृहस्थ गुडघ्यावर बसून मोजपट्टीने कॉरिडॉर मोजत होता. मला वाटलं, गालिचा टाकणारा असेल. "साठ फूट सहा इंच," तो समाधानाने म्हणाला, "दर वर्षी मोजून घेतो. बिल्डिंगा खचतेत."

बेसबॉलमधला पिचर आणि कॅचर, म्हणजे फेकणारा आणि झेलणारा, यांच्यामधलं हे अंतर. राऊतांच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती आणि न्हाणीघरात दुपारी उकळतं पाणी यायचं, पण त्यांनी ते घर या कॉरिडॉरसाठी घेतलं होतं. लिफ्टच्या बाजूला एक जुनी गादी उभी करायची आणि आपल्या दारातून तिच्यावर चेंडू मारत बसायचं, हा त्यांचा रोजचा व्यायाम. मधेच लिफ्ट उघडून चेंडू आत शिरला तर तो तळमजल्यावर जाई. मग नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, तो घेऊन वर येई आणि मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटे. राऊत त्याला शुक्रन म्हणत आणि तो वळला की पुन्हा हात फिरवत.

राऊत अमरावतीकडचे, बोरखेडी नावाच्या गावचे. त्या भागातल्या शाळांत बेसबॉल कुठून आला देव जाणे, पण राऊत तो राज्याच्या संघापर्यंत खेळले. दोह्यातल्या मराठी मंडळींना याचं कौतुक कमी आणि कुतूहल त्याहून कमी. गणपतीच्या आरतीनंतर कोणीतरी हमखास विचारायचं, "म्हणजे बोलरच ना तुम्ही?" राऊत हातातला प्रसाद खाली ठेवायचे. "बोलर टप्पा टाकते. जमिनीची मदत घेते. आमाले कोनाची मदत नाई. आपलं काम प्रोफेशनल हाये."

हे प्रोफेशनल प्रकरणही सांगायला हवं. राऊत एका गॅस कंपनीत स्टोअर्स सांभाळायचे, पण शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, फिलिपिनो मुलांच्या संघातून खेळायचे. ती मुलं त्यांना 'कुया' म्हणजे दादा म्हणायची. संघाचा मालक एक किराणा दुकानदार होता आणि तो राऊतांना सामन्यामागे एक अख्खी भाजलेली कोंबडी द्यायचा. मानधन मिळतं म्हणजे प्रोफेशनल, असा राऊतांचा हिशोब. अडचण एवढीच, की राऊत अंडंही खात नाहीत. ती कोंबडी ते आमच्याकडे आणायचे. माझा मुलगा निनाद दारातच ओरडायचा, "राऊत अंकल, थ्रो इट," आणि मी मधे धावायची. सहा-सात वर्षं आमच्या घरच्या शुक्रवारच्या जेवणाला त्यांच्या कारकिर्दीचा असा हातभार लागत होता.

आता मुख्य गोष्टीकडे येते. अबू हमूर भागातल्या व्हिलांमधून बदली होऊन जाणारी अमेरिकन कुटुंबं घरातल्या वस्तू अंगणात मांडून विकत. राऊत तिथे सकाळीच हजर. सोफा नको, फ्रिज नको, त्यांना बेसबॉलचे ग्लोव्ह्ज हवे असत. ते घरी आणून खोबरेल तेलाने मऊ करायचे, तुटलेल्या वाद्या बदलायच्या आणि बोरखेडीच्या शाळेत मुलींच्या संघासाठी पाठवायचे. पाठवायचे म्हणजे, सुट्टीवर जाणाऱ्याच्या सामानात कोंबायचे. त्याने ते मुंबईहून पार्सलने शाळेला पाठवायचे. दोह्यात सामानाच्या एकेका किलोसाठी नवरा-बायकोत अबोला होतो. त्यामुळे "तिकीट झालं" या वाक्याला जोडूनच "राऊतांना सांगू नका हं" हे वाक्य यायचं. तरी त्यांना कळायचंच.

माझ्या बॅगेत एकदा नऊ ग्लोव्ह्ज निघाले. मुंबईच्या कस्टमवाल्याने ते टेबलावर ओळीने मांडले आणि विचारलं, "सगळे डाव्या हाताचे? उजवे कुठे आहेत?"

"उजवे नसतात. उजव्या हाताने फेकायचं असतं."

"बाई, जोडीतला एकच मोजा कोण विकत घेतं? उजवे मिस्टर घेऊन येतायत का मागच्या फ्लाइटनं?"

मी गणिताची शिक्षिका आहे, समजावून सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण त्या माणसापुढे मी हात टेकले. शेवटी एक ग्लोव्ह हातात चढवला आणि म्हटलं, "फेका काहीतरी." त्याने जरा विचार करून डिंकाची बाटली फेकली. राऊतांच्या शेजारात वर्षं काढलेल्या बाईला ती झेलणं अवघड नव्हतं. रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याने मला जाऊ दिलं.

परत आल्यावर मी चांगलीच तणतणत राऊतांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "शाळेतून कोनाचा फोन आल्ता का? देवमनचा?"

देवमन कोण, ते मला त्या दिवशी कळलं. देवमन म्हणजे बोरखेडीचा क्रीडाशिक्षक आणि राऊतांचा कॅचर. आठवीपासून हा फेकणार आणि तो झेलणार. राज्याच्या फायनलला दोघांचा संघ पोहोचला आणि त्याच आठवड्यात राऊतांचा कतारचा व्हिसा आला. राऊतांनी विमान धरलं. संघ हरला. देवमन तेव्हापासून त्यांच्याशी एक शब्द बोललेला नाही. पत्रांना उत्तर नाही, फोनवर येत नाही. राऊत सुट्टीत नागपूरला बहिणीकडे जात, पण बोरखेडीत पाऊल ठेवत नसत. ग्लोव्ह्ज मिळाल्याची पोच यायची ती मुख्याध्यापकांच्या सहीची.

"भांडन झालं असतं तं मिटलं असतं," राऊत म्हणाले. "थो बोलतच नाई. काय मिटवाव?"

पुढच्या वर्षी अमरावतीला माझ्या भाचीचं लग्न निघालं, तेव्हा मी आपण होऊन राऊतांना सांगितलं, की या खेपेला मी स्वतः शाळेत जाते. सात ग्लोव्ह्ज झाले. निघताना त्यांनी मला काहीच निरोप दिला नाही. नुसते लिफ्टपर्यंत आले आणि उभे राहिले.

देवमन सर बुटके, रुंद, आणि चेहरा असा की हजेरी घेतानाही कोणी हसायला नको. "ठेवा तिथं," ते म्हणाले. चहा आला. मैदानावर मुली खेळत होत्या आणि प्रत्येकीच्या हातात आमच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या बॅगेतून आलेला ग्लोव्ह होता. फक्त मागे उकिडवी बसलेली मुलगी वेगळी. तिच्या हातात गोणपाटाचा, कापूस ठासून भरलेला, जाड दोऱ्याने शिवलेला एक गोळा होता. चेंडू आला की ती ओठ चावायची. मधेच ती पाणी प्यायला आली तेव्हा तिचा तळवा मला दिसला. लालभडक होता.

"हे काय?" मी विचारलं.

देवमन सरांनी कप आपटला आणि ते एकदम फुटले. "अकरा वर्षं झाले ग्लोव्ह पाठवून रायला. फेकनाऱ्याचे, धावनाऱ्याचे, सगळ्यायचे. कॅचरचा जाडा ग्लोव्ह एक नाई. सांगजा त्याले. कॅचर बी मानूस हाये म्हना. तुले का भिताडानं बॉल वापस देल्ला होता?" मग ते उठून मैदानात गेले आणि मी निघेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

दोह्याला परतले तो शुक्रवार होता. राऊत सामन्याच्या कपड्यांतच दारात आले, कोंबडी निनादच्या हवाली झाली आणि ते खुर्चीच्या कडेवर टेकले. मी सगळं सांगितलं. मग ते उठून घरी गेले आणि हातात एक ग्लोव्ह घेऊन आले. जाड, गोल, तेलाने काळाभोर झालेला. कॅचरचा.

"आठ वर्षांपासून हाये माह्यापाशी," ते म्हणाले. "मुद्दाम नाई पाठवला. म्हटलं, एक गोष्ट उरू द्याव. कवातरी मांगंल. मांगाले तं तोंड उघडाच लागंल नं त्याले."

"आणि त्यांनी गोणपाट शिवलं," मी म्हटलं. मला दोघांचाही राग आला होता आणि तो मी लपवला नाही. "दोन म्हातारे होत आलेले पुरुष हट्टाला पेटले आणि हात त्या पोरीचा भाजला."

राऊतांनी मान खाली घातली. ग्लोव्हच्या आतला मऊ भाग अंगठ्याने चेपत राहिले. "हाव. चुकलंच माह्यं," ते म्हणाले. "उद्या रजा टाकतो. घेऊन जातो मीच." मग जरा थांबून विचारलं, "वहिनी, थो नेमकं काय म्हनला?"

मी पुन्हा सांगितलं, भिंतीचं वाक्य धरून.

"माह्यं नाव घेतलं?"

"नाव नाही घेतलं. 'त्याले' म्हणाले."

"रागानं म्हनला?"

"चांगलेच रागावले होते. कप आपटला."

राऊतांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. इतक्या वर्षांनी देवमन त्यांच्यावर रागावला होता. डोळ्यांत पाणी होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "अजून एकडाव सांगा," ते म्हणाले.

मी तिसऱ्यांदा सांगितलं, आणि या वेळी त्यात पदरचा थोडा राग घातला.