मिस्टर हॅलिडेंनी वाचवलेलं घर

"घर आपलंच झालं समज," टोस्टला लोणी लावता लावता क्लाइव्हने जाहीर केलं. "या योजनेत चूक व्हायला जागाच नाही."

त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, चहाचा कप खाली ठेवला. क्लाइव्हच्या याआधीच्या बिनचूक योजनेत त्यांची गाडी भरतीच्या पाण्यात उभी राहिली होती, आणि ती बाहेर काढणाऱ्या माणसाला क्लाइव्ह काठावरून सूचना देत होता.

पापाटोइटोईतलं ते घर म्हणजे लाकडी फळ्यांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर आणि अंगणात फेजोआचं एक फळझाड. ऑकलंडभर अशी घरं पडलेली आहेत. पण या घराचं मागचं कुंपण आणि ग्लेनिसच्या आईचं मागचं कुंपण एकच होतं. आई एकटी राहायची. तिची नजर पार अधू झाली होती. परवा तिने रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं, आणि धुराची घंटा वाजायला लागल्यावर फोन उचलून ती कितीतरी वेळ "हॅलो, हॅलो" करत बसली. शेवटी पातेल्याचं बूड गेलं. ग्लेनिस राहायची शहराच्या दुसऱ्या टोकाला. हल्ली कोणाचाही फोन वाजला तरी ती आधी गाडीची किल्ली शोधू लागे. आणि आई तिची भाजीची बाग सोडून कुठेही यायला तयार नव्हती.

हे घर मिळालं तर कुंपणाला एक फाटक करता येणार होतं. ग्लेनिसला जगाकडून सध्या तेवढंच हवं होतं.

पण इथे घरं लिलावात विकली जात, आणि तिथेच त्यांचं घोडं अडायचं. दर शनिवारी कुठलंतरी घर हातातून जायचं, आणि परतीच्या वाटेवर क्लाइव्ह गाडीत तेच ते बोलायचा. "हे बाहेरचे लोक. घर न बघता फोनवरून घेतात आणि कुलूप लावून ठेवतात. इथल्या माणसाने जायचं कुठे?"

क्लाइव्ह इंग्लंडमधल्या लीड्सचा. त्याच्या पासपोर्टवरची इथे राहण्याची परवानगी अजून नवीकोरी होती. ग्लेनिसचे चिनी पणजोबा इथल्याच पुकेकोहेला बटाटे लावत होते. तरीही लिलावाला आलेली माणसं क्लाइव्हशी रग्बीवर गप्पा मारत आणि ग्लेनिसकडे बघून उसासे टाकत. गेल्या शनिवारी तर एक बाई नवऱ्याला म्हणाली, "चल, आली ती. आता आपलं काही खरं नाही," आणि दोघं निघूनच गेली. ग्लेनिसला ते लागलं. क्लाइव्हला त्यातून योजना सुचली.

"तू एकटी उभी राहा. मी लांब थांबतो, ओळख दाखवत नाही. तू कानाला फोन लावून चिनी बोल आणि हात वर कर. लोकांना वाटेल, पलीकडे शांघायचा कुणी शेठ बसलाय, त्याच्या पैशाला तळ नाही. सगळे गप घरी जातील."

"मला चिनी येत नाही."

"आजीचं येतं की थोडं."

"आजीकडून मला फक्त भाज्यांची नावं आलीत, क्लाइव्ह."

"मग भाज्या बोल. इथे कोणाला कळतंय?"

"हे काही बरोबर नाही."

"बरोबर नाहीच. पण ते आपल्याकडे बघून पळणार असतील, तर पळू देत की. आपण कुठे त्यांना हाकललंय?"

ग्लेनिस रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करायची. दोनदा पडताळल्याशिवाय ती कागदावर काही लिहीत नसे. एरवी तिने या योजनेच्या चिंधड्या केल्या असत्या. पण तिला ते बूड गेलेलं पातेलं आठवलं, आणि तिने फोन चार्जिंगला लावला.

अंगणात बरीच माणसं जमली होती. घर आतून बघून आलेले लोक दारात काढलेले बूट शोधत होते. लिलाववाला माणूस पायरीवर चढून हातातला कागद हलवत होता. ग्लेनिस फेजोआखाली जाऊन उभी राहिली. लोकांनी तिच्याकडे पाहिलं आणि ठरलेले उसासे टाकले. बंद फोनशी बोलायला तिची जीभ उचलेना, त्यातून लिलाववाल्याची मदतनीस मुलगी अगदी कानाशी येऊन उभी. घाबरून तिने पाठ असलेला एकच नंबर लावला.

"हॅलो," आई म्हणाली.

"बोक चोय," ग्लेनिस म्हणाली.

आजीकडून आलेलं ते पहिलं नाव, एका पालेभाजीचं. या लिलावाबद्दल तिने आईला काही सांगितलं नव्हतं. दर वेळी घर गेलं की आईच दोन दिवस जेवत नसे.

"बोक चोय हवीय का तुला?" आई विचारत होती. "आणि आज गावच्या बोलीत कशी काय आठवण झाली, बाळ?"

बोली सहा लाखांवर सुरू झाली. ग्लेनिसने हात वर केला आणि फोनमध्ये मुळ्याचं नाव घेतलं. एका तरुण जोडप्याने भाव वाढवला. तिने कोहळ्याचं नाव घेऊन तो आणखी चढवला. जोडप्यातला मुलगा बायकोच्या कानात म्हणाला, "बघ, तिकडून हुकूम येतोय." दोघांचे चेहरे पडले. दाढीवाला एक माणूस सात लाखांपर्यंत टिकला आणि मग हात खिशात घालून फाटकाकडे गेला. जोडपंही गेलं. लांब उभ्या असलेल्या क्लाइव्हने तिला हळूच अंगठा दाखवला.

"पाहुणे येणार आहेत का?" आई विचारत होती. "कोहळा एवढा कशाला?"

"सात लाख दहा हजार, फोनवाल्या बाईंचे," लिलाववाला म्हणाला. "मालकाचा किमान भाव गाठलाय, मंडळी, आता विक्री पक्की. पहिली वेळ. दुसरी वेळ…"

"वीस," बाजूच्या कुंपणावरून आवाज आला.

शेजारचे मिस्टर हॅलिडे. आखूड चड्डी, पायात गमबूट, एका हातात पावात गुंडाळलेला सॉसेज. ते मजा बघायला म्हणून कुंपणाशी आले होते. त्यांना घर नको होतं, त्यांच्याकडे एक होतं.

"मिस्टर हॅलिडे, तुम्ही बोली लावताय?" लिलाववाल्याने विचारलं.

"लावतोय. असं डोळ्यांदेखत जाऊ द्यायचं का सगळं?"

जमावातून टाळ्या वाजल्या. कोणीतरी म्हणालं, "शाब्बास, हॅलिडे." लाल टोपीवाल्या एका म्हाताऱ्याने तर त्यांची पाठ थोपटली. ग्लेनिसने कांद्याची पात म्हटली आणि भाव वाढवला. हॅलिडेंनी सॉसेजचा घास घेतला आणि आणखी वाढवला. तिने आलं म्हटलं, तोंडली म्हटली, कमळाचे कंद म्हटले. ती जितकी बोलत होती तितका हॅलिडेंचा चेहरा लाल होत होता आणि जमावाला चेव चढत होता. योजना उलटलीय हे तिला स्वच्छ दिसत होतं. पळणारे पळून गेले होते, आणि हा एक माणूस तिच्यामुळेच पेटला होता. पण आता फोन ठेवावा तर शेठ गेला म्हणून सगळे हसतील, आणि न ठेवावा तर हा माणूस थांबणार नाही.

बँकेने त्यांना साडेसात लाखांपर्यंत हो म्हटलं होतं. बँकेची मर्यादा आणि ग्लेनिसच्या भाज्या एकाच वेळी संपत आल्या.

"वाफवलेला मासा," ती कसंबसं म्हणाली. साडेसात.

"थांब, मी बागेत जाऊन बघते काय काय आहे," आई म्हणाली आणि तिच्या सपाता वाजल्या.

"सात लाख साठ," मिस्टर हॅलिडे म्हणाले.

ग्लेनिसने क्लाइव्हकडे पाहिलं. त्याचा चेहरा भरतीत गाडी अडकली होती त्या दिवशीसारखा झाला होता. तिने हात खाली घेतला. लिलाववाल्याने तीनदा विचारलं, हातातला कागद पायरीच्या कठड्यावर आपटला, आणि घर मिस्टर हॅलिडेंचं झालं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. हॅलिडेंनी हात उंचावले. मग त्यांच्या लक्षात आलं की मदतनीस मुलगी सही करायला पेन घेऊन येतेय, आणि ते हात हळूहळू खाली आले.

"मर्लला विचारायला हवं होतं," ते आपल्या घराकडे बघत म्हणाले. बायको आतच होती.

"सही आत्ताच लागते," मुलगी गोड आवाजात म्हणाली.

तेवढ्यात मागच्या कुंपणापलीकडून आणि ग्लेनिसच्या हातातल्या फोनमधून एकच आवाज एकदम आला. "ग्लेनिस, बोक चोय आहे. कोहळा नाही. कोबी देऊ का?"

सगळं अंगण वळलं. कुंपणावर आधी एक कोबी वर आला, आणि मग आईचं डोकं.

"मिसेस क्वान," हॅलिडे म्हणाले. "तुम्ही काळजी करू नका. मी वाचवलंय घर. कोणी परक्याने घेतलं असतं तर कुलूप लावून गेला असता, गवत कमरेएवढं वाढलं असतं. तुम्हाला दिसत नाही, तुमच्याकडे बघायला शेजारी नको का? तुमच्यासाठीच केलं हे."

"ती माझी आई आहे," ग्लेनिस म्हणाली.

हॅलिडेंनी तिच्याकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, आणि सॉसेजकडे पाहिलं.

"मग तिकडे चीनमध्ये कोण होतं?"

"कोणीच नाही."

"मग मी कोणाला हरवलं?"

मर्ल हॅलिडे तोपर्यंत हात पुसत बाहेर आली होती. तिने नवऱ्याच्या हातातला कागद वाचला, परत वाचला, आणि ती जे बोलली ते ऐकून उरलेली माणसंही आपापले बूट घेऊन निघून गेली.

क्लाइव्हने लगेच नवी योजना मांडली. घर आम्हाला सात लाख दहाला द्या, तुम्ही मधे पडायच्या आधीच्या भावाने. हॅलिडेंना ती पटली नाही. "आणि वरचे पन्नास हजार मी कुठून आणू?" त्यांनी विचारलं. आणि साडेसातच्या वर बँक क्लाइव्हला एक डॉलर देणार नव्हती.

शेवटी ग्लेनिस आणि क्लाइव्ह त्या घरात भाड्याने राहायला गेले. कुंपणाला फाटक झालं, ते हॅलिडेंनी स्वतःच्या हाताने करून दिलं आणि त्याला हिरवा रंगही लावला. ग्लेनिस आता रोज संध्याकाळी आईच्या स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे ना ते दोनदा पडताळते. माणूस म्हणून हॅलिडे सोन्यासारखे आहेत, याबद्दल तिचं दुमत नाही.

फक्त भाडं जरा जास्त आहे. करारावर सही करताना ग्लेनिसने तसं बोलून दाखवलं, तेव्हा मिस्टर हॅलिडेंना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी क्लाइव्हच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून त्याला म्हणाले, "काय करणार, बाबा. या बाहेरच्या लोकांनी भाव कुठल्या कुठे नेऊन ठेवलेत, तुला तर माहीतच आहे."